अठराव्या वर्षी मुलांचा भाव ठरवू नका: एएफएल कमिशनला खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
एएफएल कमिशन,
डॉकलँड्स, मेलबर्न

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मी मराठीत लिहितोय. याची इंग्रजी प्रत तुमच्या कार्यालयात पोचेलच. पण टार्नीट, ट्रुगनिना, पॉइंट कुक, वेरिबी या मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या उपनगरांत राहणाऱ्या माझ्या मराठी माणसांनीही ते वाचावं, म्हणून आधी आपल्या भाषेत. आमच्या घरातली मुलं आता क्रिकेटच्या किटबरोबर फुटीचे, म्हणजे तुमची एएफएल लीग ज्या खेळाची आहे त्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलचे, बूटही मागायला लागली आहेत. आशियात किंवा आफ्रिकेत जन्मलेल्या पालकांच्या मुलांसाठी तुम्ही क्लबांमध्ये अकॅडम्या काढल्यात, त्यात आमचीही मुलं बसतात. म्हणजे हा विषय आता आमच्या दाराशी आलेला आहे.

माझी मागणी एकच आहे, ती सुरुवातीलाच सांगतो. ड्राफ्टसाठी, म्हणजे दरवर्षी क्लब पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यासाठी, किमान वय अठराचं एकोणीस करा. मुलाला बारावी पूर्ण करू द्या, त्यानंतर एक वर्ष घराजवळ खेळू द्या, आणि मग बोलवा.

हे मला का सुचलं, ते सांगतो.

आमच्या सोळा वर्षांखालच्या टीमच्या सामन्यांना गोल अंपायर म्हणून आळीपाळीने पालकच उभे राहतात. अंगात पांढरा कोट, हातात दोन पांढरे झेंडे. गेल्या हिवाळ्यात एका रविवारी सकाळी ती पाळी माझी होती. रात्रभर पाऊस झालेला, गोलसमोरची जमीन नुसती चिखल. आमचा रकमन, म्हणजे मैदानाच्या मधोमध चेंडू वर उडाला की तो मिळवायला झेप घेणारा सगळ्यात उंच गडी, त्या दिवशी मनासारखा खेळला नाही. दोन सोपे मार्क, म्हणजे लाथेने उंच आलेल्या चेंडूचे झेल, हातातून सुटले. सामना संपल्यावर मी झेंडे गुंडाळून ठेवत होतो, तर हा कुंपणाला टेकून बसलेला. एका पायातला बूट काढलेला, दुसऱ्याची नाडी तशीच चिखलात. मांडीवर फोन. आमच्या भागातल्या मोठ्या टीमच्या निवड चाचणीसाठी बोलावलेल्या मुलांची यादी आदल्या रात्री आली होती आणि तिच्यात याचं नाव नव्हतं. मी जवळ जाऊन पाठीवर हात ठेवला. त्याने मान वर न करता विचारलं, "अंकल, मी सोळाचा झालो. आता उशीर झाला का?"

त्याला काय सांगायचं ते मला सुचलं नाही. नुसता "नाही रे" म्हणालो. घरी येईपर्यंत गाडीत ते दोन शब्द मला फार हलके वाटत राहिले. पोरगा अजून उंचीने वाढतोय. दाढी नीट फुटलेली नाही. आणि त्याला वाटतंय की आपली गाडी सुटली. हे त्याच्या डोक्यात आलं कुठून? त्याच्या आईबापांनी घातलेलं नाही, कोचनेही नाही. तुमच्या सगळ्या रचनेतूनच ते त्याच्यापर्यंत झिरपलंय. ज्या वर्षी मुलगा अठराचा होतो त्याच वर्षी नोव्हेंबरात ड्राफ्ट. म्हणून सतराव्या वर्षी राज्याची टीम, सोळाव्या वर्षी विभागाची, पंधराव्या वर्षी कुणीतरी वहीत नाव लिहून घेणार. शेवटची तारीख अलीकडे ओढली की तिच्या मागच्या सगळ्याच तारखा अलीकडे येतात.

त्या दिवसापासून मला टॉम बॉयड सारखा आठवतो. तुम्हाला त्याची गोष्ट सांगायची गरज नाही, पण माझ्या मराठी वाचकांना ती माहीत असायला हवी.

टॉम बॉयड मेलबर्नच्या पूर्वेकडचा मुलगा. दोन मीटर उंच, मजबूत हातांचा फॉरवर्ड, ईस्टर्न रेंजेसकडून खेळणारा. २०१३ च्या ड्राफ्टमध्ये त्याचं नाव सगळ्यात आधी पुकारलं गेलं. तुमच्या ड्राफ्टचा नियम असा की मागच्या मोसमात तळाला राहिलेल्या क्लबाला पहिली निवड. उद्देश चांगलाच आहे, दुबळ्याला बळ मिळावं. पण मुलाच्या बाजूने पाहिलं तर अर्थ असा होतो की देशातलं सगळ्यात गुणी पोर सगळ्यात जास्त हरणाऱ्या घरात जातं. बॉयडला सिडनीच्या पश्चिमेला, ग्रेटर वेस्टर्न सिडनी जायंट्सकडे जावं लागलं. हा क्लब लीगमध्ये आला २०१२ मध्ये, आणि २०१३ च्या आख्ख्या मोसमात त्याने एक सामना जिंकला होता. एकच.

२०१४ मध्ये बॉयड जायंट्सकडून नऊ सामने खेळला. अठरा वर्षांच्या, इतक्या उंच, अजून अंग भरलेलं नसलेल्या मुलाने पूर्ण वाढलेल्या पुरुषांच्या अंगावर उड्या घ्यायच्या, त्या मानाने हे काही कमी नाही. त्या वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये काय झालं ते आठवा. वेस्टर्न बुलडॉग्जचा कर्णधार रायन ग्रिफेन क्लब सोडून जायंट्सकडे जायचं म्हणाला. बुलडॉग्जने त्याच्या बदल्यात बॉयडला मागितलं. शेवटी ग्रिफेन आणि सहाव्या क्रमांकाची निवड देऊन बॉयड मेलबर्नला परत आला. करार सात वर्षांचा, आणि वर्षाला दहा लाख डॉलरच्या आसपासचा असल्याच्या बातम्या सगळीकडे छापून आल्या. बॉयडचं वय तेव्हा एकोणीस वर्षं आणि जेमतेम दोन महिने.

त्या दिवसापासून त्याच्या नावाआधी आकडा लागला. मार्क सुटला की आकडा, गोल चुकला की आकडा. राखीव टीममध्ये खेळायला पाठवला की पुन्हा तोच आकडा. आमच्याकडे लग्नाच्या मांडवात कुणाच्या मुलाचा पगार मोठ्याने सांगितला तर तो मुलगा खाली बघतो. इथे तर वर्तमानपत्रं, रेडिओ, टीव्ही सगळे रोज सांगत होते.

मी तेव्हा फुट्सक्रेमध्ये नोकरीला होतो. बुलडॉग्ज म्हणजे फुट्सक्रेचा जीव. शेवटचा कप १९५४ चा, त्यानंतर नाही. मी मूळचा कोल्हापूरचा असल्यामुळे हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध खंडोबा असा फुटबॉलचा सामना असला की आमच्या पेठांमध्ये काय वातावरण असतं ते ज्याने पाहिलंय, त्याला फुट्सक्रे लगेच कळतं. २०१६ मध्ये बुलडॉग्ज सातव्या क्रमांकावरून फायनल्समध्ये शिरले. सातव्या जागेवरून आजवर कुणी कप जिंकला नव्हता. १ ऑक्टोबरला एमसीजीवर सिडनी स्वान्सविरुद्ध ग्रँड फायनल, मैदानात ९९,९८१ माणसं. आम्ही शेजाऱ्यांच्या घरी टीव्हीसमोर बसलो होतो. शेजारी सत्तरी ओलांडलेले, १९५४ साली शाळकरी पोर होते. त्या कपाचं सगळं त्यांना तोंडपाठ.

बॉयड त्या दिवशी कसा खेळला! अंगाला अंग भिडलेल्या गर्दीतून हात वर काढून तो मार्क घेत होता. दोन गोल आधी झाले होते. मग शेवटच्या क्वार्टरमध्ये सामना अजून हातात आलेला नसताना बुलडॉग्जच्या डेल मॉरिसने सिडनीच्या लान्स फ्रँकलिनला धरून खाली आणला. मॉरिस मणक्याला फ्रॅक्चर असताना खेळत होता, हे नंतर कळलं. चेंडू सुटला आणि बॉयडच्या हातात आला. गोल अजून कितीतरी लांब. ५० मीटरच्या रेषेच्याही बऱ्याच मागून त्याने सरळ लाथ मारली. समोर कुणीच नव्हतं. चेंडू पडला, उसळला, पुन्हा उसळला, आणि पोस्टच्या मधून आत गेला. शेजारच्या आजोबांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. ते रडतायत हे आम्हाला खांदे हलताना दिसले तेव्हा कळलं. ८९ गुण विरुद्ध ६७. बासष्ट वर्षांनी कप फुट्सक्रेला आला.

बॉयड तेव्हा एकवीस वर्षांचा होता. वाटलं, आता त्या आकड्याचं तोंड बंद झालं.

नाही झालं. पुढच्याच वर्षी, जुलै २०१७ मध्ये, नैराश्याच्या आजारामुळे तो खेळापासून बाजूला झाला. नंतर त्याने स्वतःच मोकळेपणाने सांगितलं की झोप लागत नव्हती, पॅनिक अटॅक यायचे. पुढे तो परत आला, खेळला, पण मे २०१९ मध्ये निवृत्त झाला. वय तेवीस. करार २०२१ पर्यंतचा होता, पुढचे सगळे पैसे सोडून तो गेला. एकूण सामने ६१. पहिल्या क्रमांकाने निवडलेला, ग्रँड फायनलमध्ये तीन गोल करणारा खेळाडू, आणि ६१ सामने.

बॉयड आता मानसिक आरोग्यावर बोलतो, शाळांमध्ये, कंपन्यांमध्ये जातो. त्याने पुस्तकही लिहिलं. त्याची कीव करायला मी ही गोष्ट सांगत नाहीये. मला त्याच्या धाडसाबद्दल आदर आहे. आणि वय एक वर्षाने वाढवलं असतं तर त्याला हा आजार झालाच नसता असंही मी म्हणणार नाही. मी डॉक्टर नाही, आणि आजाराचं एकच कारण नसतं. पण तारखांचा हिशेब तेवढा एकदा करून बघा. एकोणीसचा नियम असता तर २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये, जेव्हा त्याच्या नावावर सात वर्षांचा करार झाला, तेव्हा तो अजून ड्राफ्टमध्येही आलेला नसता. त्याची बारावी झालेली असती, घरचं जेवण चालू असतं, आणि व्हीएफएल या खालच्या लीगमधल्या एखाद्या टीमकडून शनिवारी दुपारी तो चारशे-पाचशे लोकांसमोर मार्क सोडत नि पकडत असता. सोडलेल्या मार्कची बातमी झाली नसती. एवढाच फरक पडला असता. मला तो मोठा वाटतो.

कुस्तीतलं एक सांगतो, कारण मी ते लहानपणी रोज पाहिलंय. आमच्या पेठेतल्या तालमीत सोळा-सतरा वर्षांचा जोरकस पोरगा असला की मैदानवाले वस्तादांकडे यायचे, जोड लावा म्हणायचे. वस्ताद पोराकडे बघायचेही नाहीत. "अजून मान भरली नाही," एवढं बोलायचे, विषय संपला. पोरगा रुसायचा, बाप नाराज व्हायचा, इनाम हातचं जायचं. पण त्या तालमीत वस्तादांचा शब्द शेवटचा होता. गावातला कुणी त्याला कमजोर म्हणायचा नाही, कारण थांबवणारा वस्ताद आहे हे सगळ्यांना माहीत असायचं. तुमच्या खेळात असा "अजून नाही" म्हणणारा कुणी नाही. क्लब म्हणणार नाही, कारण त्याने नाही म्हटलं तर दुसरा क्लब घेईल. एजंट म्हणणार नाही. बाप म्हणू शकत नाही, कारण मुलाचं स्वप्न मोडल्याचा दोष त्याच्यावर येतो. म्हणून हे काम नियमानेच करावं लागेल, आणि नियम तुमच्या हातात आहे.

परीक्षेचं बघा. व्हिक्टोरियात बारावीच्या लेखी परीक्षा ऑक्टोबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरभर चालतात. ड्राफ्टसाठीची शारीरिक चाचणी ऑक्टोबरमध्ये, क्लबांच्या मुलाखती त्याच दिवसांत, ड्राफ्ट नोव्हेंबरात. मुलाने संध्याकाळी केमिस्ट्री वाचायची की सकाळी कुठल्या क्लबाच्या मानसशास्त्रज्ञासमोर बसायचंय त्याचा विचार करायचा? ज्या वर्षी मुलाला सगळ्यात जास्त स्वस्थता हवी, नेमकं त्याच वर्षी तुम्ही त्याच्या डोक्यावर हा डोंगर ठेवता. आणि ड्राफ्ट झाला की डिसेंबरात, परीक्षेचा निकाल लागतो न लागतो तोवर, तो दुसऱ्या राज्यात सराव करत असतो.

उंच मुलांना वेळ लागतो हे तर तुमचे कोचही जाणतात. मॅक्स गॉन या रकमनला मेलबर्न क्लबने २००९ मध्ये ३४ व्या क्रमांकावर घेतलं. गुडघ्याची मोठी शस्त्रक्रिया झाली, टीममध्ये आत-बाहेर चालू राहिलं, मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या, ऑल ऑस्ट्रेलियन टीममध्ये नाव यायला २०१६ उजाडलं. त्याच गॉनने कर्णधार म्हणून २०२१ मध्ये क्लबाचा कपाचा सत्तावन्न वर्षांचा दुष्काळ संपवला. ३४ व्या क्रमांकावर असल्यामुळे त्याला थांबायला जागा मिळाली. बॉयड पहिला होता, पहिल्याला थांबायला जागा नसते.

मार्लियन पिकेट तर त्याहून वेगळा. कोवळ्या वयात तुरुंगात जाऊन आलेला, साउथ फ्रीमँटलकडून खेळणारा, २०१९ मध्ये मोसमाच्या मध्यावरच्या ड्राफ्टमध्ये रिचमंडने घेतला तेव्हा सत्तावीस वर्षांचा. त्याचा पहिला एएफएल सामना म्हणजे त्याच वर्षीची ग्रँड फायनल. १९५२ नंतर असं झालं नव्हतं. रिचमंड जिंकलं. मी त्या सामन्यानंतर मुलाला म्हटलं होतं, बघ, सत्ताविसाव्या वर्षीही दार उघडतं. मोसमाच्या मध्यावरचा ड्राफ्ट तुम्हीच पुन्हा सुरू केलात, उशिरा फुलणाऱ्यांसाठी, आणि ते फार चांगलं केलंत. माझी मागणी त्याच वाटेवरची आहे.

मॅट रोवेलचंही नाव घ्यायला हवं, कारण माझ्याशी असहमत असणारे त्याचं नाव घेतील. २०१९ चा पहिला पिक, २०२० मध्ये गोल्ड कोस्टकडून पहिल्या काही आठवड्यांतच मैदान गाजवलं. मग पाचव्या फेरीत खांदा गेला. २०२१ च्या पहिल्याच सामन्यात गुडघा. त्यानंतर काही वर्षं लोक विचारत होते, त्या पोराचं काय झालं? आणि २०२५ मध्ये त्याने ब्राउनलो मेडल, म्हणजे मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, जिंकलं. त्याच्या जिद्दीला सलाम आहेच. पण एक गोष्ट विसरू नका. त्याच ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर नोहा अँडरसन होता, त्याचा शाळेतला दोस्त, आणि दोघे एकाच क्लबात गेले. अठराव्या वर्षी घरापासून दूर, दुखापत झालेली, आणि बाजूला लहानपणापासूनचा मित्र. किती मुलांच्या नशिबात हे असतं? बॉयडच्या नव्हतं. नॉर्थ मेलबर्नने २०२१ मध्ये पहिला निवडलेला जेसन हॉर्न-फ्रान्सिस साउथ ऑस्ट्रेलियातून आला, एक मोसम खेळला आणि पोर्ट ॲडलेडला, घरच्या राज्यात परत गेला. त्यासाठी मैदानांवर त्याला हुर्यो झेलावी लागली. एकोणीस वर्षांच्या मुलाला घरची ओढ लागली, यात हुर्यो उडवण्यासारखं काय होतं?

आता एक गोष्ट थोडी कडक शब्दांत लिहितो, राग मानू नका. तुमच्या लीगच्या स्वतःच्या संकेतस्थळावर ड्राफ्टमधल्या मुलांच्या क्रमवाऱ्या छापल्या जातात. कोण वर गेला, कोण खाली घसरला. ही मुलं सतरा-अठरा वर्षांची असतात, शाळेचा गणवेश घालणारी. हार्ली रीडचं उदाहरण ताजं आहे. व्हिक्टोरियाच्या उत्तरेकडच्या टोंगाला या दुधाच्या व्यवसायातल्या छोट्या गावचा मुलगा, बेंडिगो पायोनियर्सकडून खेळणारा. २०२३ च्या ड्राफ्टच्या कितीतरी आधीपासून त्याला पुढचा पहिला पिक म्हटलं जात होतं. त्या वर्षभर कुठला क्लब त्याच्यासाठी काय काय देणार याची चर्चा चालली. शेवटी तळाला राहिलेल्या वेस्ट कोस्ट ईगल्सने त्याला पर्थला नेलं, देशाच्या दुसऱ्या टोकाला. आणि तो नीट रुळायच्या आत मेलबर्नमध्ये पुढची चर्चा सुरू, हा परत कधी येणार? पोराच्या खेळात विलक्षण ताकद आहे. अंगावर आलेल्या माणसाला एका हाताने बाजूला सारून पुढे निघतो तेव्हा पाहत राहावं असं वाटतं. त्याचं चांगलं होवो अशी मनापासून इच्छा आहे. पण मुलगा अजून शाळेत असताना त्याच्या नावाचा बाजार भरवायला लीगने स्वतःचा मांडव देऊ नये, एवढं तर तुम्ही उद्या सकाळी बंद करू शकता. त्याला ना नियमबदल लागतो, ना क्लबांची संमती.

तुम्ही म्हणाल, सॅम वॉल्शसारखी मुलं अठराव्या वर्षीच तयार असतात. २०१९ मध्ये वॉल्श पहिल्याच मोसमात सगळे सामने खेळला आणि रायझिंग स्टार, म्हणजे मोसमातला सर्वोत्तम तरुण खेळाडू, ठरला. मान्य. अशी मुलं असतात. ती एकोणिसाव्या वर्षी आणखी तयार असतील. नियम त्यांच्यासाठी करायचा नसतो जे कुठल्याही नियमात तरून जातात.

दुसरा आक्षेप पैशाचा आहे, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. काही घरांना ती पहिल्या वर्षाची कमाई खरोखरच लागते. लांबच्या गावातली, एकट्या आईने वाढवलेली, आदिवासी समाजातली मुलं. त्यांना "एक वर्ष थांबा" म्हणणं मला सोपं आहे, माझ्या घरी दोन पगार येतात. म्हणून वय वाढवाल तर त्या एका वर्षाची सोयही तुम्हीच करायला हवी. राज्याच्या लीगमध्ये खेळणाऱ्या एकोणीस वर्षांखालच्या निवडक मुलांना विद्यावेतन द्या, शिक्षणाची किंवा एखादा धंदा शिकण्याची फी भरा, राहायची व्यवस्था करा. २०२५ ते २०३१ या सात वर्षांच्या प्रक्षेपण हक्कांचे तुम्हाला ४.५ अब्ज डॉलर मिळणार आहेत. ते ज्यांच्या खेळावर मिळतात, त्यांतल्या सगळ्यात कोवळ्यांसाठी त्यातला एक लहान हिस्सा बाजूला काढणं तुम्हाला जड जाणार नाही.

आणि हे जगावेगळंही नाही. अमेरिकेत बास्केटबॉलच्या एनबीए लीगने २००६ च्या ड्राफ्टपासून एकोणीसची अट घातली. त्यांच्या फुटबॉलमध्ये, एनएफएलमध्ये, तर शाळा संपल्यावर तीन वर्षं जावी लागतात. आपल्या खेळात अंगावर संरक्षक कवच नसतं आणि चेंडूसाठी माणूस दुसऱ्याच्या खांद्यावर गुडघा टेकवून हवेत चढतो. बॉयडच्या पुढच्याच वर्षी, २०१४ मध्ये, पहिला निवडला गेलेला पॅडी मॅकार्टिन डोक्याला पुन्हा पुन्हा मार बसून शेवटी सत्ताविसाव्या वर्षी निवृत्त झाला, हे तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलंय. त्यामागचं शास्त्र मी इथे काढत नाही, तो वेगळ्या पत्राचा विषय आहे. पण वाढत्या अंगाला एक वर्ष जास्त मिळालं तर नुकसान कुणाचं होणार आहे?

वय वाढवण्याची चर्चा दर काही वर्षांनी निघते आणि विरते, हे मला ठाऊक आहे. यावेळी ती विरू देऊ नका. आणि नियम होईपर्यंत निदान एवढं करा, की वीस वर्षांच्या आतल्या खेळाडूबरोबर तीन वर्षांहून मोठा करार क्लबांना करता येणार नाही. बॉयडवर सात वर्षांचं ओझं कुणी वाईट हेतूने टाकलं नव्हतं. सगळ्यांना त्याचं भलंच वाटत होतं. क्लबाला आशा होती, त्यालाही होती. पण एकोणिसाव्या वर्षी सव्विसाव्या वर्षापर्यंतचं आयुष्य लिहून देणं कुणालाच झेपणारं नाही.

माझा मुलगा ड्राफ्टपर्यंत जाईल असं मला वाटत नाही. त्याला फुटी आवडते, टीममधली पोरं आवडतात, सामना झाल्यावर कँटीनच्या खिडकीत मिळणारा डिमसिम आवडतो. तो रकमन मात्र जाऊ शकेल. त्याच्या हाताला चिकटणारा चेंडू मी गोलमागून बघितलाय. त्या रविवारनंतर तो दोन सराव चुकवून आला, पण आला. आता उडीच्या वेळी गुडघा आधी वर घेतो. कुणीतरी शिकवलं असेल, नाहीतर स्वतःच शिकला असेल.

एप्रिलमध्ये आमचा मोसम सुरू होतो. पश्चिमेकडच्या मैदानांवर रविवारी सकाळी मी झेंडे घेऊन गोलमागे उभा असतो. तुमच्यापैकी कुणीतरी एकदा या. गाडी कुंपणाला लावा, चहा आमच्याकडून. सामना संपल्यावर तो रकमन बूट काढायला बसेल, तेव्हा त्याच्या शेजारी बसा आणि त्याने मला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्याला तुम्ही द्या.

आपला,
मेलबर्नच्या पश्चिमेकडचा एक पालक, आणि आळीपाळीचा गोल अंपायर